जीपीएस जागा दाखवतं, पण किती फुटांच्या फरकाने? मोबाईल आणि हातातलं जीपीएस यंत्र घेताना, वापरताना काय बघाल

पावसाळ्यात हरिश्चंद्रगडावर धुकं उतरलं की दहा पावलांपुढचं दिसत नाही. पर्यटकाच्या हातातला मोबाईल सांगतो, "तुम्ही वाटेवर आहात." पाचनईचा वाटाड्या सांगतो, "साहेब, वाट डावीकडं राहिली." दोघांच्या म्हणण्यात फरक असतो तो दहा-पंधरा मीटरचा. मोकळ्या माळावर एवढ्या फरकाने काही बिघडत नाही. कोकणकड्याच्या काठावर मात्र तेवढ्यात सगळंच बिघडतं.

हीच गोष्ट शेताच्या बांधावर घडते. मोबाईलवर ॲप टाकायचं, शेताभोवती चक्कर मारायची आणि क्षेत्र किती ते बघायचं, हे आता गावोगावी चालतं. मग शेजाऱ्याकडे तीन गुंठे जास्त निघाले म्हणून वाद सुरू होतो. ई-पीक पाहणी करताना शेतात उभं राहूनही ॲप म्हणतं, तुम्ही गटापासून दूर आहात.

या सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. जीपीएस तुमची जागा अंदाजाने सांगतं. तो अंदाज किती फुटांनी चुकू शकतो हे बघायची सवय लागली, तर निम्म्या अडचणी तिथंच सुटतात. कुणाला मोबाईल पुरेल आणि कुणाला वेगळं यंत्र घ्यावं लागेल, हेही त्यावरूनच ठरतं.

जीपीएस चालतं कसं?

जीपीएस ही अमेरिकेची उपग्रह यंत्रणा आहे. तिचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती फिरतात आणि सतत वेळ सांगत राहतात. आपल्या हातातलं यंत्र हे संदेश ऐकतं आणि कुठल्या उपग्रहाचा संदेश यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतं. अक्षांश, रेखांश आणि उंची नीट काढायला निदान चार उपग्रह दिसावे लागतात.

संदेश प्रकाशाच्या वेगाने येतो. त्यामुळे वेळेच्या हिशोबात सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी अंतर ३०० मीटरने चुकतं. यावरून हे काम किती बारीक आहे ते लक्षात येईल.

जीपीएसशिवाय रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ, चीनची बायडू आणि आपल्या इस्रोची नाविक अशा यंत्रणा आहेत. नाविकचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी सोडला गेला. आजचे बरेच मोबाईल यातल्या तीन-चार यंत्रणा एकाच वेळी वापरतात. जितके जास्त उपग्रह दिसतील तितकं यंत्राला सोपं जातं.

रेंज नाही म्हणजे जीपीएस नाही, असं नसतं

हा गैरसमज फार जणांचा आहे. जीपीएसला सिमकार्ड लागत नाही, टॉवर लागत नाही, इंटरनेटही लागत नाही. कळसूबाईच्या माथ्यावर मोबाईल फ्लाइट मोडवर टाकून लोकेशन चालू ठेवलं तरी जागा कळते.

मग रेंज गेली की लोकेशन का अडतं? त्याला दोन कारणं आहेत. एक, नकाशा इंटरनेटवरून येत असतो. तो आला नाही की निळा ठिपका कोऱ्या पडद्यावर उभा राहतो. दुसरं, उपग्रह आत्ता कुठं आहेत ही माहिती मोबाईल इंटरनेटवरून झटकन घेतो. रेंज नसेल तर तीच माहिती त्याला उपग्रहाकडून ऐकावी लागते. चांगलं आभाळ असेल तर त्याला अर्धं-एक मिनिट लागतं. यंत्र फार दिवस बंद असेल किंवा शेकडो किलोमीटर दूर नेऊन चालू केलं असेल, तर दहा-पंधरा मिनिटंही लागू शकतात.

म्हणून उपाय साधा आहे. घरून निघताना, रेंज असतानाच नकाशा उतरवून ठेवा आणि लोकेशन एकदा चालू करून घ्या.

फरक पडतो कशामुळे?

मोकळ्या आभाळाखाली चांगला मोबाईल साधारण पाच मीटरच्या आत जागा सांगतो. पाच मीटर म्हणजे सोळा फूट. हा झाला चांगला दिवस. पुढच्या ठिकाणी फरक वाढतो.

दरीत किंवा कड्याखाली: साम्रदच्या सांदण दरीत दोन्ही बाजूंना उभे कडे आणि वर आभाळाची चिंधी. तिथं फार थोडे उपग्रह दिसतात. शिवाय संदेश कड्यावर आपटून फिरून येतो, म्हणजे जास्त अंतर कापतो. यंत्राला वाटतं उपग्रह लांब आहे आणि ठिपका भलतीकडेच उडी मारतो.

दाट झाडीत: पानांत पाणी असतं, ओली पानं संदेश अडवतात. पावसाळ्यातल्या जंगलात उन्हाळ्यापेक्षा फरक जास्त पडतो.

पत्र्याखाली आणि गाडीत: पत्र्याच्या शेडमध्ये, ट्रॅक्टरच्या छताखाली, स्टीलच्या डब्यात किंवा लोखंडी कव्हरमध्ये यंत्र ठेवून चांगल्या लोकेशनची अपेक्षा करू नका.

अंगाजवळ: खिशात किंवा सॅकच्या तळाशी यंत्र ठेवलं तर तुमचं अंगच अर्धं आभाळ झाकतं. सॅकच्या वरच्या कप्प्यात किंवा खांद्याच्या पट्ट्यावर ठेवा.

नकाशात निळ्या ठिपक्याभोवती फिकट वर्तुळ दिसतं, तोच तुमच्या अंदाजातला फरक. अँड्रॉइडमध्ये त्या वर्तुळाचा अर्थ असा, की साधारण तीनपैकी दोन वेळा तुम्ही त्याच्या आत असता. म्हणजे तीनपैकी एकदा बाहेरही असू शकता. हातातल्या जीपीएस यंत्रात उपग्रहांच्या पानावर हाच फरक मीटर किंवा फुटांत लिहिलेला असतो. ठिपका कुठं आहे हे बघण्याआधी हा आकडा बघा.

मोबाईलचं लोकेशन चुकतंय? क्रमाने हे तपासा

१. मोकळ्यावर या आणि दोन मिनिटं एका जागी थांबा. ॲप उघडल्या उघडल्या फोटो किंवा लोकेशन घेऊ नका. वर्तुळ लहान होऊ द्या.

२. त्या ॲपला अचूक लोकेशनची परवानगी दिली आहे का ते बघा. अँड्रॉइड १२ पासून अचूक आणि अंदाजे असे दोन पर्याय आले. चुकून अंदाजे दाबलं गेलं असेल तर मोबाईल तुम्हाला मुद्दाम मोठ्या परिसरात दाखवतो. यंत्रात बिघाड काहीच नसतो.

३. बॅटरी सेव्हर बंद करा. तो चालू असेल तर पडदा बंद झाला की लोकेशन घेणं थांबतं आणि चाललेल्या वाटेची रेघ मधेच तुटते.

४. तारीख आणि वेळ आपोआप घेण्यावर ठेवा.

५. खोटं लोकेशन दाखवणारं ॲप कधी टाकलं असेल तर काढून टाका.

६. तरी जमलं नाही तर लोकेशन बंद करून चालू करा, मग मोबाईल बंद करून चालू करा.

ई-पीक पाहणीत याच पायऱ्या कामी येतात. एवढं करूनही ॲप गट लांब दाखवत असेल, तर वर्तुळ लहान असतानाचा स्क्रीनशॉट काढा आणि गावच्या तलाठ्यांना किंवा पाहणीच्या सहायकाला दाखवा. मुदत संपायच्या आदल्या दिवसापर्यंत थांबू नका.

लोकेशनचे आकडे: एक ठिपका चुकला की चाळीस किलोमीटर

पर्यटक लोकेशनचे आकडे पाठवतात. ते लिहिण्याच्या तीन पद्धती आहेत आणि गोंधळ तिथंच होतो. कळसूबाई शिखराचं उदाहरण घेऊ.

फक्त अंश: १९.६०११ उत्तर, ७३.७०९२ पूर्व
अंश आणि मिनिटं: १९° ३६.०७' उत्तर, ७३° ४२.५५' पूर्व
अंश, मिनिटं, सेकंद: १९° ३६' ०४" उत्तर, ७३° ४२' ३३" पूर्व

तिन्ही एकच जागा आहे. पण कुणी १९ अंश ३६ मिनिटं हे १९.३६ असं आणि ७३ अंश ४२ मिनिटं हे ७३.४२ असं टाकलं, तर ठिपका सुमारे चाळीस किलोमीटर दूर, घाट उतरून ठाणे जिल्ह्यात जाऊन पडतो. एका अंशात ६० मिनिटं असतात. म्हणून मिनिटांना ६० ने भागा आणि मग अंशात मिळवा. हिशोब नको असेल तर गुगल मॅपमध्ये मधे जागा सोडून टाका: १९ ३६.०७, ७३ ४२.५५ असं (आकडे इंग्रजी कीबोर्डने). तो समजून घेतो.

अजून एक सोपी खूणगाठ. महाराष्ट्रात अक्षांशाचा आकडा १५ ते २२ च्या आसपास आणि रेखांशाचा ७२ ते ८१ च्या आसपासच असतो. पहिला आकडा ७३ दिसला तर अक्षांश-रेखांश उलटे झाले. तसेच टाकले तर नकाशा तुम्हाला नॉर्वेच्या उत्तरेच्या समुद्रात नेतो.

जुन्या सर्वेक्षण नकाशावरून आकडे काढत असाल तर आणखी एक अडचण आहे. ते नकाशे एव्हरेस्ट नावाच्या जुन्या मापन पायावर काढलेले आहेत आणि जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ या पायावर चालतं. दोन्हींत शेकडो फुटांचा फरक पडतो. यंत्राच्या सेटिंगमध्ये नकाशाचा पाया बदलता येतो. काम झालं की तो परत डब्ल्यूजीएस-८४ वर आणायला विसरू नका.

डबा शोधण्याचा खेळ

काही पर्यटक आकडे घेऊन जंगलात काहीतरी शोधताना दिसतात. तो जिओकॅशिंग नावाचा खेळ असतो. कुणीतरी छोटा डबा लपवतो, त्यात वही ठेवतो आणि जागेचे आकडे जाहीर करतो. शोधणारा वहीत नाव लिहून डबा होता तिथं परत ठेवतो.

या खेळाचा जन्मच जीपीएसमधल्या फरकाशी जोडलेला आहे. अमेरिका आधी सामान्य लोकांच्या जीपीएसमध्ये मुद्दाम चूक घालत असे आणि जागा शंभर मीटरपर्यंत चुकायची. २ मे २००० रोजी ही मुद्दाम घातलेली चूक बंद केली गेली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर या गृहस्थाने ओरेगॉन राज्यात एक बादली लपवून तिचे आकडे जाहीर केले आणि खेळ सुरू झाला.

यातले मुरलेले खेळाडू शेवटच्या दहा मीटरला यंत्र खिशात ठेवतात आणि डोळ्यांनी शोधतात. आपल्या वाटाड्यांनाही हे लागू आहे. यंत्र जवळ नेऊन सोडतं. तिथून पुढे दगड, झाड, ओढा बघूनच चालायचं.

बांधाचा वाद मोबाईलने मिटणार नाही

एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद. मीटरमध्ये दहा बाय दहा. ज्या यंत्राचा अंदाज पाच मीटरने चुकू शकतो, त्याने गुंठ्याचा हिशोब कसा लागणार?

चौकोनी एक एकराची बाजू साधारण ६४ मीटर भरते. चक्कर मारताना रेघ चारही बाजूंनी फक्त दोन मीटर बाहेर गेली, तर क्षेत्र पाच गुंठ्यांनी जास्त निघतं. दहा गुंठ्यांच्या तुकड्यात तेवढ्याच चुकीने पावणेतीन गुंठे वाढतात, म्हणजे चौथ्या हिश्श्याहून जास्त. तुकडा जेवढा लहान, तेवढी चूक मोठी.

औषध किती लागेल, बियाणं किती आणायचं, नांगरटीचे पैसे किती होतील यासाठी मोबाईलची मोजणी चालते. तेव्हाही प्रत्येक कोपऱ्यावर मिनिटभर थांबून खूण करा आणि अख्खी मोजणी दोनदा करा. दोन मोजण्यांत तीन गुंठ्यांचा फरक आला तर तुमच्या यंत्राचा भरवसा निदान तेवढ्याने कमी धरा.

हद्दीसाठी मात्र तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात रीतसर मोजणीचा अर्ज करावा लागतो. ते वापरतात ते रोव्हर यंत्रही उपग्रहावरच चालतं, पण त्याला जमिनीवरच्या पक्क्या केंद्राकडून सतत दुरुस्ती मिळत असते. म्हणून ते सेंटीमीटरपर्यंत जातं. मोबाईलचा स्क्रीनशॉट दाखवून बांध कोरू नका, त्यावरून भांडणही करू नका.

वनहक्काचे दावे करणाऱ्या गावांनीही हे लक्षात ठेवावं. हातातल्या जीपीएसने काढलेली हद्द दाव्याला जोडता येते. पण २०१२ च्या दुरुस्तीनंतर नियमांत स्पष्ट म्हटलं आहे, की उपग्रहचित्रं आणि असं तंत्रज्ञान बाकीच्या पुराव्याला पूरक आहे, त्याची जागा घेणारं नाही. जुन्या खुणा, वडीलधाऱ्यांचे जबाब आणि कागदपत्रं सोडून नुसत्या आकड्यांवर विसंबू नका. उलट, नुसता उपग्रहाचा फोटो दाखवून कुणी दावा फेटाळत असेल तर हाच नियम तुमच्या बाजूने आहे.

मोबाईल पुरे की वेगळं यंत्र घ्यावं?

शेतीकाम, ई-पीक पाहणी, रस्ता शोधणं, अधूनमधून गडावर जाणं यासाठी मोबाईल पुरे. वेगळं यंत्र घेऊन जागा दहापट अचूक मिळेल असं समजू नका. साधं हातातलं जीपीएस आणि चांगला मोबाईल मोकळ्यावर जवळपास सारखीच जागा सांगतात.

वेगळं यंत्र घ्यायचं ते दुसऱ्या कारणांसाठी. पावसात ओल्या बोटांनी मोबाईलचा पडदा ऐकत नाही, यंत्राची बटणं चालतात. यंत्र दगडावर पडलं तरी सहसा फुटत नाही. सेल संपला तर खिशातला दुसरा घालता येतो. आणि मोबाईलची बॅटरी फोन लावायला शिल्लक राहते. पावसाळाभर पर्यटक घेऊन जाणारे वाटाडे, जंगलात रोज फिरणारे वनमजूर, बचावकार्याला जाणारी पोरं यांना ते उपयोगी पडतं.

घेताना हे बघा:

सेल: भिंतीवरच्या घड्याळात लागतो तो पेन्सिल सेल चालणारं यंत्र गावाकडे सोयीचं. गार्मिनच्या ईट्रेक्स २२एक्स आणि ३२एक्स यांत असे दोन सेल लागतात आणि कंपनी २५ तासांपर्यंत चालतात असं सांगते. आतच चार्ज होणारी बॅटरी जास्त टिकते, पण संपली की चार्जर शोधावा लागतो.

होकायंत्र: ३२एक्समध्ये वेगळं होकायंत्र आणि हवेच्या दाबावरून उंची सांगणारा भाग आहे, २२एक्समध्ये नाही. दोघांत मुख्य फरक एवढाच. होकायंत्र नसलेल्या यंत्राचा बाण तुम्ही चालत असतानाच बरोबर दिशा दाखवतो.

पाणी: आयपीएक्स-७ लिहिलेलं असेल तर यंत्र एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकायला हवं.

दुहेरी लहरी: एल-१ आणि एल-५ अशा दोन्ही लहरी घेणारं यंत्र किंवा मोबाईल दरीत आणि झाडीत कमी चुकतो. कड्याकपारीत काम असेल तर पैसे इथं खर्च करा.

जुनं यंत्र: तारीख कुठली दाखवतं ते आधी बघा. जीपीएसमधली आठवड्यांची मोजणी १०२४ आठवड्यांनी परत शून्यावर येते. मागच्या वेळी ती ६ एप्रिल २०१९ च्या रात्री आली. तेव्हापासून काही जुनी यंत्रं जवळजवळ वीस वर्षं मागची तारीख दाखवतात. सेलचं झाकण उघडून आत हिरवा-पांढरा गंज आहे का तेही बघा.

परदेशातून यंत्र मागवताय? आधी हे वाचा

नुसतं उपग्रहाचं ऐकणारं जीपीएस यंत्र बाळगायला अडचण नाही. पण काही यंत्रांतून उपग्रहामार्फत संदेश पाठवताही येतो. गार्मिनची इनरीच मालिका तशी आहे, जीपीएसमॅप ६६आय आणि ६७आय ही मॉडेलंही तशीच. अशी यंत्रं सरकारच्या दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय भारतात वापरता येत नाहीत. विमानतळावर ती सापडल्याने परदेशी पर्यटकांवर कारवाई झालेली आहे, गोव्यातही. दुबईतल्या किंवा अमेरिकेतल्या पाहुण्याला यंत्र आणायला सांगताना मॉडेलचं पूर्ण नाव सांगा. तुमच्याकडे उतरलेल्या पर्यटकाजवळ असं यंत्र दिसलं तर त्यालाही हे कानावर घाला.

यंत्र बिघडलं असं वाटलं तर

दुरुस्तीला पाठवण्याआधी या गोष्टी करून बघा.

उपग्रह सापडत नाहीत: मोकळ्यावर ठेवून पंधरा-वीस मिनिटं हलवू नका. बऱ्याच दिवसांनी चालू केलेल्या यंत्राला एवढा वेळ लागतो. ते न सापडल्याचं कारण कधी कधी सरावाचा मोड चालू राहिलेला असतो, त्यात यंत्र उपग्रह शोधतच नाही. सेटिंगमध्ये जाऊन तो बंद करा.

सेल लवकर संपतात: सेटिंगमध्ये सेलचा प्रकार बरोबर निवडला आहे का बघा. साधे आणि चार्ज होणारे सेल वेगवेगळे निवडावे लागतात, नाहीतर बॅटरीची खूण खोटं सांगते. पडद्याचा उजेडही कमी करा. हंगाम संपला की सेल काढून ठेवा.

बाण भलतीकडे दाखवतो: सेल बदलले की होकायंत्र परत जुळवून घ्यावं लागतं. लोखंड, गाडी, चुंबकाचं कव्हर यांपासून लांब उभं राहून जुळवा. मोबाईलचं होकायंत्र हवेत इंग्रजी आठचा आकडा काढून जुळतं.

उंची चुकते: जीपीएसची उंची जागेपेक्षा जास्त चुकते, हे धरूनच चाला. दाबावर चालणारा भाग असेल तर माहीत असलेल्या उंचीवर तो जुळवा. कळसूबाईचा माथा १६४६ मीटर आहे.

वाट सोडून रस्त्यावर ओढतं: यंत्र गाडीच्या मोडवर आहे. पायी किंवा सरळ रेषेच्या मोडवर टाका.

निघण्याआधी पाच मिनिटं

नकाशा उतरवा. बॅटरी भरा, जादा सेल प्लास्टिकच्या पिशवीत घ्या. जिथून चढायला सुरुवात करता, तिथं लहान वर्तुळ येईपर्यंत थांबून पहिली खूण करा आणि चालण्याची रेघ चालू ठेवा. धुक्यात परतताना हीच रेघ सगळ्यात उपयोगी पडते. पण वर्तुळ मोठं झालं आणि पुढं कडा आहे हे माहीत असेल, तर थांबा. धुकं फाटेपर्यंत बसून राहिलात तर उशीर होईल, एवढंच.

कुणी हरवलं किंवा पडलं तर ११२ ला फोन करताना गावाचं नाव, गडाचं नाव आणि अक्षांश-रेखांश तिन्ही सांगा, आणि फरक किती दाखवतोय तेही सांगा. बचावाला येणाऱ्यांना त्यावरून कळतं की दहा मीटरात शोधायचं की शंभर मीटरात.